अर्ध्यावर थांबलेले अद्ययावतीकरण : मराठी संकेतस्थळाच्या दुरुस्तीचा क्रम

'अद्ययावतीकरण अयशस्वी झाले' अशी सूचना संगणकाच्या पडद्यावर उमटली म्हणजे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो उपायाचा. कळ पुन्हा दाबून पाहावी, जुनी प्रत परत चढवावी, सर्व्हर पुरविणाऱ्यांस दूरध्वनी करावा, असे प्रयोग एकामागून एक सुरू होतात. वास्तविक ती सूचना एवढेच सांगत असते की, ठराविक क्रमाने व्हावयाच्या अनेक क्रियांची साखळी कोठेतरी तुटली आहे. ती कोठे तुटली हे सूचनेवरून कळत नाही; आणि ते ठरविल्यावाचून केलेला उपाय हा नाडी न पाहता दिलेल्या मात्रेसारखा होय. संकेतस्थळावरील मजकूर मराठी असेल तर अशा मात्रेने होणारी हानी मूळ बिघाडापेक्षा मोठी ठरू शकते. इंग्रजी मार्गदर्शिकांत या दुसऱ्या हानीचा विचार क्वचितच आढळतो, कारण साध्या इंग्रजी मजकुराला ती पोचतच नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे, हे हिंगोली जिल्ह्यासारख्या भागाकडे पाहिले असता स्पष्ट होते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ या ५ तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. तेथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ मध्ये आपली मूल्यांकनपद्धती बदलली, तेव्हापासून महाविद्यालयाचा स्वयंमूल्यांकन अहवाल व त्याला आधारभूत असलेले कागद संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवणे ओघानेच आले. त्याआधी माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने, त्याच्या कलम ४ अन्वये, सार्वजनिक संस्थांवर आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे दायित्व घातलेले होतेच. याचा परिणाम असा की, महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही आता शोभेची वस्तू राहिली नसून ते संस्थेचे दप्तर झाले आहे. त्यात सूचना, निवड याद्या, संशोधनलेख, स्मरणिका, गावोगावच्या पाहणीचे वृत्तान्त असे सर्व साठत जाते. आणि यांपैकी पुष्कळसा मजकूर एकदा तेथे लिहिला गेला की त्याची कागदी प्रत कोठेही उरत नाही. या दप्तराची राखण मात्र बहुधा अन्य विषयाच्या एखाद्या प्राध्यापकाकडे, किंवा वर्षाच्या कराराने नेमलेल्या बाहेरच्या माणसाकडे असते.

अशा संस्था ज्या आज्ञावलींवर आपली संकेतस्थळे उभारतात त्यांत वर्डप्रेस ही सर्वांत प्रचलित होय. तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी निघाली. ती विनामूल्य आहे आणि तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. भाड्याने घेतलेल्या किंवा स्वतःच्या सर्व्हरवर ती कोणालाही बसविता येते; मात्र तेथे तिची देखभालही ज्याची त्यालाच करावी लागते. पुढील विवेचन तिला धरून केले आहे. इतर तत्सम प्रणालींत नावे बदलतील, परंतु क्रियांचा क्रम स्थूलमानाने असाच सापडेल.

हा क्रम नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रथम संकेतस्थळ मूळ प्रकाशकांच्या सर्व्हरला विचारते की, नवी आवृत्ती आहे काय, आणि असल्यास ती येथील पीएचपी व डेटाबेस यांच्या आवृत्तींवर चालेल काय. उत्तर अनुकूल असेल तर नव्या आवृत्तीचा गठ्ठा उतरवून घेतला जातो आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' या कप्प्यातील 'अपग्रेड' नावाच्या उपकप्प्यात तो सोडला जातो. ज्या फाइलींवर नव्या फाइली लिहावयाच्या त्या लिहिण्याजोग्या आहेत की नाहीत याची तपासणी होते. मग संकेतस्थळाच्या मूळ कप्प्यात 'मेंटेनन्स' नावाची एक लहानशी फाइल निर्माण होते. ती आहे तोवर वाचकांस 'देखभाल चालू आहे' एवढेच दिसते. त्यानंतर नव्या फाइली जुन्यांच्या जागी उतरविल्या जातात. सर्व फाइली उतरल्यावर अगदी शेवटी 'व्हर्जन' ही फाइल बदलली जाते, जिच्यात आवृत्तीचा क्रमांक असतो. पुढे निरुपयोगी झालेल्या जुन्या फाइली काढल्या जातात, आवश्यक असल्यास डेटाबेसच्या रचनेत बदल होतो, आणि 'मेंटेनन्स' फाइल पुसली जाते.

या क्रमातील दोन गोष्टी निदानाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली अशी की, आवृत्तीचा क्रमांक सर्वांत शेवटी बदलत असल्याने, निम्म्या फाइली नव्या झालेले संकेतस्थळही आपण जुनेच आहोत असे सांगते. त्याच्या या साक्षीवर विसंबून चालत नाही. आज्ञापटलावरून वापरावयाचे 'डब्ल्यूपी-सीएलआय' हे साधन असेल तर प्रत्येक मूळ फाइल अधिकृत फाइलीशी ताडून पाहता येते. ही तुलना जुन्या क्रमांकाशीच होत असल्यामुळे ज्या फाइली जुळत नाहीत त्यांची यादी म्हणजेच उतरण कोठवर आली होती याचे मोजमाप होय. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. फाइली उतरत असताना साखळी तुटली असेल तर डेटाबेसला अद्याप कोणी हात लावलेला नसतो. म्हणजे संस्थेचा सारा मजकूर, कितीही भयप्रद सूचना दिसत असली तरी, जागच्या जागी असतो. त्या अवस्थेत डेटाबेसची जुनी प्रत चढविण्याचे काहीही कारण नाही. 'डब्ल्यूपी-कंटेंट' हा कप्पा आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' ही फाइल वगळून नव्या आवृत्तीच्या बाकीच्या फाइली हाताने पुन्हा उतरविल्या की काम भागते. डेटाबेस बदलला की नाही अशी शंका असल्यास तीही फेडता येते: 'व्हर्जन' फाइलीत डेटाबेसच्या रचनेचा एक क्रमांक असतो, तसाच क्रमांक डेटाबेसच्या 'ऑप्शन्स' या तक्त्यात 'डीबी-व्हर्जन' या नावाने असतो, दोन्ही ताडून पाहावेत.

साखळी तुटण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण ती सारखीच वारंवार भेटत नाहीत. समजा, सेनगावातील एका महाविद्यालयात अद्ययावतीकरणाची कळ दाबल्यावर वीज गेली. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो मुंबईत किंवा आणखी दूर असेल. त्याची वीज गेलेली नाही. तरीही काम थांबू शकते. पीएचपीचा पूर्वनियोजित नियम असा आहे की, वाचकाचा संबंध तुटला आणि त्यानंतर आज्ञावलीने त्याच्याकडे काही मजकूर धाडण्याचा यत्न केला, तर ती तेथेच संपते; तसे करू नये अशी आज्ञा दिलेली असेल तरच ती पुढे चालते. वर्डप्रेसची पार्श्वभूमीवर आपोआप होणारी अद्ययावतीकरणे अशा आज्ञेखाली चालतात. यामुळे विजेचा भरवसा नसलेल्या गावी, हाताने केलेल्या कामापेक्षा आपोआप होणारे काम अधिक सुरक्षित असा काहीसा विपरीत वाटणारा निष्कर्ष निघतो.

थांबलेल्या कामानंतर 'देखभाल चालू आहे' ही पाटी तशीच राहते, आणि तेव्हा 'मेंटेनन्स' फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु त्या फाइलीत तिच्या निर्मितीची वेळ लिहिलेली असते आणि १० मिनिटे उलटल्यावर वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करते, हे सल्ला देणाऱ्यांसही ठाऊक नसते. तेव्हा अर्ध्या तासानंतरही ती पाटी दिसत असेल तर दोष त्या फाइलीत नसून बहुधा मध्ये साठवून ठेवलेल्या जुन्या पानात, म्हणजे कॅशमध्ये, असतो. फाइल पुसावयाचीच असेल तर तिचे नाव टिंबाने सुरू होते, म्हणून फाइली दाखविणारी पुष्कळ साधने तिला लपवितात, हेही ध्यानात ठेवावे. याच्याच जोडीची दुसरी सूचना म्हणजे 'दुसरे अद्ययावतीकरण सध्या चालू आहे'. ते एक कुलूप असते व ते १५ मिनिटांनी आपोआप निरर्थक होते. या दोन्ही बाबतींत चहा घेऊन येणे हा सर्वोत्तम उपाय आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

फाइलींच्या मालकीचा दोष मात्र वाट पाहून जात नाही. अद्ययावतीकरणाची कळ दाबताच वर्डप्रेस एफटीपीचे नाव व परवलीचा शब्द मागू लागते, तेव्हा सामान्यतः असा समज होतो की, परवलीचा शब्द हरवला आहे. खरे पाहता वर्डप्रेस त्या क्षणी एक परीक्षा घेत असते. ती एक तात्पुरती फाइल लिहून पाहते आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे काय, हे तपासते. दोघे एक असतील तर ती सरळ लिहिते. भिन्न असतील तर परक्या घरात शिरण्याची परवानगी मागावी तशी एफटीपीची माहिती मागते. ही स्थिती बहुधा अशी निर्माण होते की, पूर्वी कोणीतरी वेगळ्या खात्यातून, कधी तर सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्यातून, फाइली चढविलेल्या असतात. उपाय मालकी दुरुस्त करणे हाच आहे. सर्व फाइलींवर सर्वांना लिहिण्याची मुभा देऊन टाकणे हा जो उपाय हौसेने केला जातो, तो दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखा आहे. त्या सर्व्हरवर शिरलेल्या कोणाही आगंतुकास मग लिहिण्यास काहीच आडकाठी राहत नाही.

जागा संपणे हे कारण साधे आहे. छायाचित्रे, स्मरणिकांच्या पीडीएफ प्रती आणि न पुसलेल्या जुन्या सुरक्षित प्रती यांनी भाड्याची जागा भरते आणि गठ्ठा सोडताना काम थांबते. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

काही वेळा अद्ययावतीकरण पूर्ण होते आणि बिघाड त्यानंतर दिसतो. पडदा पांढरा पडतो, अथवा 'गंभीर चूक घडली आहे' अशी ओळ येते. येथे दोष बहुधा जुन्या थीमचा किंवा प्लगइनचा असतो. पीएचपीच्या नोव्हेंबर २०२० मध्ये निघालेल्या ८.० आवृत्तीत पूर्वीपासून वर्ज्य ठरविलेली काही फलने कायमची काढण्यात आली. ती वापरणाऱ्या जुन्या थीम तेथे चालत नाहीत. मे २०१९ मधील वर्डप्रेस ५.२ पासून अशा प्रसंगी पुनःप्राप्तीची एक सोय आहे. प्रणाली व्यवस्थापकाच्या ई-पत्त्यावर एक दुवा धाडते, आणि त्या दुव्यावरून आत गेल्यास दोषी प्लगइन तेवढ्यापुरते निष्क्रिय झालेले असते. सोय उत्तम आहे. परंतु तो पत्ता कोणाचा? करार संपून निघून गेलेल्या कारागिराचा, किंवा बदली झालेल्या प्राध्यापकाचा असेल तर किल्ली दर वेळी त्याच्याच घरी जाते. अनेक संस्थांत सर्वांत मोठा तांत्रिक दोष हाच असतो, आणि त्याच्या दुरुस्तीस संगणकशास्त्राचे ज्ञान मुळीच लागत नाही. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ आवृत्तीपासून प्लगइनचे हाताने केलेले अद्ययावतीकरण फसल्यास जुनी प्रत आपोआप परत बसविली जाते, आणि जुलै २०२४ च्या ६.६ पासून आपोआप होणाऱ्या कामासही हे संरक्षण मिळाले आहे.

प्रकाशकांकडूनही चुका होतात, हे नमूद न केल्यास विवेचन एकांगी होईल. आपोआप होणारी अद्ययावतीकरणे ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ या आवृत्तीने सुरू केली. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी निघालेली ४.९.३ ही आवृत्ती लाखो संकेतस्थळांवर आपोआप पोचली. आणि तिच्यातील एका चुकीमुळे पुढील आपोआप होणारे प्रत्येक अद्ययावतीकरण प्राणघातक चुकीने थांबू लागले. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ निघाली, परंतु ती घेण्याची यंत्रणाच मोडली असल्याने कोणीतरी हाताने कळ दाबणे अवश्य झाले. ज्या संकेतस्थळांकडे कोणी फिरकत नव्हते ती बाहेरून सुरळीत दिसत असूनही तेथेच थांबली. येथे पडद्यावर कोणतीच सूचना नव्हती; अयशस्वी अद्ययावतीकरणाचा हा सर्वांत फसवा प्रकार होय. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ या आवृत्तीने जुन्या जावास्क्रिप्टला सांभाळून घेणारा 'जेक्वेरी मायग्रेट' हा भाग काढला तेव्हा बिघाड उलट स्वरूपाचा झाला: अद्ययावतीकरण यशस्वी, पण जुन्या थीमच्या कळा निर्जीव. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ५.५.३ या आवृत्तीची तयारी चालू असता काही संकेतस्थळांवर तिची अपक्व प्रत आपोआप जाऊन पडली. तेव्हा दोष आपल्याच हातून झाला असे गृहीत धरण्यापूर्वी त्या आठवड्यात प्रकाशकांनी काय जाहीर केले आहे ते पाहावे.

आतापर्यंतच्या सर्व प्रकारांत मजकूर सुरक्षित राहतो. मजकूर धोक्यात येण्याचा मार्ग निराळा आहे, आणि त्याची सुरुवात वर उल्लेखिलेल्या पहिल्याच क्रियेत होते. समजा, नवी आवृत्ती नाकारली गेली, कारण सर्व्हरवरील पीएचपी जुनी आहे. ६.२ पर्यंतच्या आवृत्तींस पीएचपी ५.६.२० पुरत असे, ६.३ ला ७.० लागते आणि ६.६ ला ७.२.२४. जुन्या योजनेतील सर्व्हरवर नवी पीएचपी मिळत नाही, म्हणून संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवावे असे ठरते. हा निर्णय योग्यच असतो. पण हलविताना डेटाबेस एका फाइलीत उतरवावा लागतो आणि नव्या जागी पुन्हा चढवावा लागतो. आणि याच उतरण-चढणीत देवनागरीचा घात होतो. रोग एके जागी, उपचार दुसऱ्या जागी आणि इजा तिसऱ्याच जागी असा हा प्रकार असल्याने त्याचे कारण सहसा ओळखू येत नाही.

त्याचे मूळ अक्षरांच्या साठवणीत आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक घटकास, मग ते व्यंजन असो, मात्रा असो, अनुस्वार असो, ३ बाइट लागतात. मे २००७ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीपूर्वी, डेटाबेसशी कोणत्या अक्षरसंचात बोलावे हे वर्डप्रेस सांगतच नसे. मायएसक्यूएलचा पूर्वनियोजित संच त्या काळी लॅटिन-१ होता. त्यामुळे देवनागरीचे ३ बाइट ३ स्वतंत्र लॅटिन अक्षरे समजून ठेवले जात आणि परत मागताच तसेच दिले जात. देणारा व घेणारा दोघेही एकच चूक करीत असल्याने वाचकास शुद्ध मराठी दिसे. तो काळ मागे पडला, पण त्या वेळी निर्माण झालेले, किंवा नंतरही अक्षरसंचाची नोंद न करता बसविलेले डेटाबेस तसेच चालत आले. एप्रिल २०१८ च्या मायएसक्यूएल ८.० मध्ये पूर्वनियोजित संच बदलून यूटीएफ-८ चे ४ बाइटांचे रूप आले. अशा सर्व्हरवर जुनी प्रत चढविली की दोघांपैकी एक चूक करणे थांबवितो, आणि मराठीच्या जागी चिन्हांची रांग दिसू लागते.

ती रांग पाहून घाबरण्याऐवजी तिचे निरीक्षण केल्यास बोध होतो. देवनागरीचा प्रत्येक घटक तेथे ३ चिन्हांत फुटलेला असतो. पहिले चिन्ह नेहमी एकच, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेले फ्रेंच लिपीतील 'ए' हे अक्षर. दुसरे चिन्ह व्यंजनांच्या बाबतीत चलनाचे सामान्य चिन्ह आणि पुष्कळशा मात्रांच्या बाबतीत जपानी येनचे चिन्ह. या दोन गटांची सीमा ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी यांच्या बरोबर मधून जाते, ही वर्णमालेच्या अभ्यासकांस मौजेची वाटावी अशी गोष्ट आहे. असा मजकूर बिघडलेला दिसला तरी नष्ट झालेला नसतो.

नष्ट झालेला व केवळ विस्कटलेला मजकूर यांतील भेद डोळ्यांनी नव्हे तर मोजून करावा. त्यासाठी जिल्ह्याचे नाव पुरेसे आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर 'हिंगोली' या नावाचा एखादा वर्ग असेल तर डेटाबेसमध्ये त्या नोंदीची लांबी दोन रीतींनी विचारावी: 'कॅरॅक्टर लेंग्थ' या फलनाने अक्षरघटकांत आणि 'लेंग्थ' या फलनाने बाइटांत. नोंद तिच्या क्रमांकाने शोधावी, शब्दाने नव्हे. कारण शब्द विस्कटला असेल तर तो सापडणारच नाही. 'हिंगोली' या शब्दात ह, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, ओकार, ल आणि दीर्घ वेलांटी असे ७ घटक आहेत. तेव्हा निकोप नोंदीचे उत्तर ७ व २१ असे येते. दोन्ही उत्तरे २१ आली तर मजकूर लॅटिन-१ च्या रकान्यात जुन्या पद्धतीने ठेवलेला आहे. तो शाबूत आहे, पण हलविताना जपावयास हवे. घटक २१ आणि बाइट ४६ असे उत्तर आले तर तो दोनदा रूपांतरित झाला आहे, म्हणजे २१ चुकीच्या चिन्हांनाच कोणीतरी यूटीएफ-८ चा पोशाख चढविला आहे. हाही परत मिळतो. परंतु दोन्ही उत्तरे ७ आली तर तेथे ७ प्रश्नचिन्हे आहेत. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागा नाही, म्हणून रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने प्रत्येक घटकाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिले आहे आणि मूळ बाइट उरलेले नाहीत. युनिकोडपूर्व काळातील, विशिष्ट टंकांवर अवलंबून असलेल्या मजकुराला मात्र हे मोजमाप लागू पडत नाही; तो मुळातच लॅटिन अक्षरांत लिहिलेला असतो.

येथे वर्डप्रेसवर एक आरोप नेहमी होतो, तो तपासून पाहिला पाहिजे. २३ एप्रिल २०१५ रोजी निघालेल्या ४.२ या आवृत्तीने तक्ते ४ बाइटांच्या यूटीएफ-८ मध्ये बदलण्यास आरंभ केला, आणि मराठी त्यामुळे बिघडली असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. मायएसक्यूएलमधील जुन्या 'यूटीएफ-८' ची मर्यादा ३ बाइट होती. देवनागरी त्यात सुखाने मावत असे आणि हा बदल मुख्यतः ४ बाइटांच्या चित्रचिन्हांसारख्या अक्षरांसाठी होता. शिवाय ज्या तक्त्यांचे रकाने लॅटिन-१ मध्ये आहेत त्यांना ते रूपांतर स्पर्शच करीत नाही. त्याने एक निराळी अडचण मात्र निर्माण केली. त्या काळच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत एका रकान्याच्या अनुक्रमणिकेस ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ अक्षरांस प्रत्येकी ३ बाइट धरल्यास ७६५ होतात, म्हणून पूर्वी ते मावत. ४ बाइट धरताच १०२० होतात. म्हणून काही अनुक्रमणिका १९१ अक्षरांवर आणाव्या लागल्या, कारण १९१ चौक ७६४. जुन्या सर्व्हरवर नवी प्रत चढविताना 'अनुक्रमणिकेची किल्ली फार लांब' अशी जी तक्रार येते तिचा उगम या अंकगणितात आहे. प्लगइनचे स्वतःचे तक्ते या बदलास अनुसरलेले नसतात, तेव्हा ती विशेषकरून येते.

मजकूर शाबूत निघाला तरी थीमची मांडणी व कडेच्या चौकटी नाहीशा झाल्याचे कधी आढळते. याचेही कारण बाइटांतच आहे. पीएचपी अशा मांडणीची नोंद करताना प्रत्येक शब्दाच्या आधी त्याची लांबी बाइटांत लिहून ठेवते. 'हिंगोली' च्या आधी २१ हा अंक असतो. उतरलेल्या फाइलीत संकेतस्थळाचा पत्ता साध्या संपादकाने शोधून बदलला, किंवा अक्षरसंचाचे रूपांतर झाले, म्हणजे शब्द बदलतो आणि अंक तोच राहतो. दोन्ही जुळत नाहीत असे दिसताच पीएचपी ती सबंध नोंद वाचण्याचे नाकारते. म्हणून पत्ता बदलावयाचा तो अंकांसह बदलणाऱ्या साधनानेच. 'डब्ल्यूपी-सीएलआय' मध्ये ती सोय आहे.

विस्कटलेला मजकूर सरळ करण्याची रीत प्रत्येक प्रकारात वेगळी आहे, आणि ती मूळ संकेतस्थळावर नव्हे तर वेगळ्या जागी केलेल्या नकलेवर प्रथम अजमावावी. दोन्ही उत्तरे २१ असतील तर त्या रकान्याचा प्रकार आधी निव्वळ बाइटांचा करावा आणि मग तो ४ बाइटांच्या यूटीएफ-८ चा करावा. मधली पायरी वगळून सरळ रूपांतर केले तर डेटाबेस आज्ञाधारकपणे २१ चिन्हांची ४६ बाइट करून ठेवतो, म्हणजे पहिल्या रोगाचा दुसरा होतो. २१ व ४६ असतील तर डेटाबेस लॅटिन-१ या संचात उतरवून घ्यावा, उतरलेल्या फाइलीतील संचाची नोंद बदलावी आणि तीच फाइल यूटीएफ-८ म्हणून चढवावी. उलट दिशेच्या या एका प्रवासात जास्तीचा पोशाख उतरतो. त्यानंतर मोजमाप पुन्हा करावे. ते केवळ 'हिंगोली' वर न करता निरनिराळ्या वर्षांच्या काही नोंदींवर करावे, कारण एकाच डेटाबेसमध्ये जुना भाग एका अवस्थेत व नवा भाग दुसऱ्या अवस्थेत असणे मुळीच असंभाव्य नाही. सर्वांवर एकच उपाय चालविला तर निकोप नोंदी बिघडतात.

७ व ७ असे उत्तर आलेल्या नोंदींपुरता डेटाबेसमध्ये शोध घेण्यात अर्थ नाही. त्या नोंदींसाठी जुना सर्व्हर अद्याप बंद झाला नसेल तर तो त्वरित राखून ठेवावा, कारण कराराची मुदत संपताच तेथील प्रत पुसली जाते. तो नसेल तर त्याआधीच्या सुरक्षित प्रती पाहाव्यात, इंटरनेट अर्काइव्हने त्या पानाची नक्कल घेतली आहे काय ते शोधावे. आणि तेथेही काही न मिळाल्यास महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील छापील स्मरणिका व वार्षिक अहवाल काढून तो मजकूर पुन्हा टंकलिखित करावा.